सेव्ह दाबल्यावर दस्तऐवज कुठे जातो?

लिबरऑफिसमध्ये एखादं पत्र लिहून कंट्रोल-एस दाबलं की फोल्डरात ओडीटी शेपटीची एक फाइल तयार होते. तिची शेपटी बदलून झिप केली की ती निमूटपणे उघडते आणि आत वेगळाच संसार दिसतो. एका फाइलमध्ये पत्राचा मजकूर, दुसरीत मांडणीच्या शैली, तिसरीत लेखकाचं नाव आणि तारखा, चौथीत पान कुठवर सरकवलं होतं असल्या बारीकसारीक आठवणी, आणि आत काय काय आहे याची यादी सांगणारी आणखी एक. शिवाय ‘माइमटाइप’ नावाची एक चिमुकली फाइल असते. ती सगळ्यांत आधी आणि न दाबता ठेवायची असा संकेत आहे, म्हणजे झिप न सोडवताच आतल्या दस्तऐवजाचा प्रकार बाहेरून ओळखता येतो. वापरणाऱ्याला जी एक फाइल वाटते ते खरं म्हणजे नीट बांधलेलं गाठोडं आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय या गाठोड्याच्या मुक्कामाचा आहे. वकिलाचं कार्यालय घ्या, पतसंस्था घ्या, नाहीतर एखाद्या रुग्णालयाचा रेकॉर्ड विभाग. पक्षकाराची, सभासदाची किंवा रुग्णाची माहिती डेटाबेसमध्ये असते आणि त्याला पाठवलेली पत्रं मात्र कुणाच्या तरी संगणकावरच्या फोल्डरात. मग केव्हातरी साहेब म्हणतात, पत्रंही डेटाबेसमध्येच टाका ना! प्रोग्रॅमर मान डोलावतो आणि दोन दिवसांचं काम आहे असं सांगतो. तो खोटं बोलत नाही. गाठोडं उचलून तक्त्यात टाकणं हे दोन दिवसांचंच काम आहे. त्यानंतर दोन गोष्टी उरतात: ‘फाइल’ या कल्पनेवर वाढलेल्या लिबरऑफिसला फाइल विसरायला लावणं, आणि आत काय आहे हे डेटाबेसला कळवणं. सगळा वेळ खातात त्या याच.

या ऑफिसचं मूळ जर्मनीतल्या ल्यूनेबर्गमध्ये आहे. १९८५ साली मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने तिथे स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिच्या स्टाररायटरचं पुढे स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली; किंमत ७.३५ कोटी डॉलर अशी सांगितली जाते. सनच्या एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलेलं कारण मजेदार आहे: आपल्या ४२,००० कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनीच घेणं स्वस्त पडत होतं. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने त्याचा मूळ कोड खुला केला आणि ओपनऑफिस जन्माला आलं. सन ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या एका मोठ्या गटाने वेगळी चूल मांडली, ते लिबरऑफिस.

सनच्या काळात या ऑफिसला एक फार उपयोगी गोष्ट मिळाली होती. त्याचे सगळे अवयव ‘युनो’ या नावाच्या घटकव्यवस्थेतून बाहेरच्या प्रोग्रॅमला हाताळता येतात. बेसिकमधून, पायथनमधून, जावामधून, कशातूनही. ऑफिस पडद्यावर न दाखवता नुसतं मागे चालू ठेवायचं, एखाद्या पोर्टवर कान लावून बसवायचं आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याला हुकूम सोडायचे, असंही चालतं.

तर ते दोन दिवसांचं काम असं. उघड्या दस्तऐवजाला ‘स्टोअरटूयूआरएल’ हा आदेश देऊन त्याची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरात उतरवायची. ती फाइल वाचण्यासाठी उघडायची आणि तिचा प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, हाती घ्यायचा. डेटाबेसशी जोडणी करून प्रश्नचिन्हांच्या जागा सोडलेला एक इन्सर्ट आदेश तयार ठेवायचा. एका जागी पत्राचं नाव, दुसऱ्या जागी ‘सेटबायनरीस्ट्रीम’ने तो प्रवाह भरायचा, आदेश चालवायचा आणि तात्पुरती फाइल पुसून टाकायची. परत आणताना हेच उलट. मॅक्रो लिहायला शिकलेल्या पिढीने हे तंत्र बहुतांशी अँड्र्यू पिटोन्याक यांच्या फुकट वाटलेल्या मॅक्रो-संग्रहांतून उचललं. इथे ‘स्टोअरटूयूआरएल’ऐवजी चुकून त्याचा जुळा भाऊ ‘स्टोअरॲजयूआरएल’ वापरला तर मोठा घोळ होतो. पहिला नुसती प्रत काढतो; दुसरा दस्तऐवजाचं बिऱ्हाडच नव्या पत्त्यावर हलवतो. मग प्रोग्रॅमने तात्पुरती फाइल पुसली की वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उघडा असलेला दस्तऐवज बेघर.

तात्पुरती फाइल टाळायचीही सोय आहे. पत्त्याच्या जागी ‘प्रायव्हेट:स्ट्रीम’ एवढंच लिहायचं आणि सोबत आपला प्रवाह जोडून द्यायचा. ऑफिस डिस्कवर काही न उतरवता थेट त्या प्रवाहात लिहितं. वाचताना मात्र एक अट येते. झिपची स्वतःची यादी (वर आलेली यादीची फाइल नव्हे) शेवटी असते, त्यामुळे उघडणाऱ्याला आधी शेवटाकडे उडी मारून मग मागे यावं लागतं. डेटाबेसकडून येणारा प्रवाह बरेचदा फक्त पुढे वाहतो. म्हणून तो पूर्ण मेमरीत घेऊन, मागेपुढे जाता येईल असा करून मगच ऑफिसच्या हाती द्यावा लागतो.

यादी शेवटी असण्याचा दुसरा परिणाम अधिक जिव्हारी लागतो. मायएसक्यूएलमध्ये ‘ब्लॉब’ या नावाच्या रकान्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. त्याहून मोठ्या ऐवजासाठी मीडियमब्लॉब (१६ एमबी) आणि लाँगब्लॉब (४ जीबी) असे वेगळे प्रकार आहेत. नवशिका माणूस नावावरून पहिलाच निवडतो. चाचणीसाठी लिहिलेली दोन ओळींची पत्रं छान ये-जा करतात. मग कुणीतरी संस्थेचं बोधचिन्ह टाकलेलं पत्र साठवतो आणि जुन्या, सैल पद्धतीने चालणारा मायएसक्यूएल उरलेला भाग कापून टाकतो. तोंडाने फक्त एक सूचना पुटपुटतो, जी कुणी वाचत नाही. कापली जाते ती शेपटी, आणि यादी नेमकी शेपटीत. दस्तऐवजाचा बराचसा मजकूर शाबूत असूनही तो सरळ उघडत नाही. ५.७ या आवृत्तीपासून मायएसक्यूएल मुळातच कडक पद्धतीने चालतो आणि असा ऐवज नाकारतो. त्याआधी लागलेली खोड मात्र अनेक जुन्या कार्यालयांत अजून तशीच असू शकते.

लिबरऑफिसच्याच ‘बेस’मध्ये सगळं ठेवावं असा मोहही होतो. २००५ साली ओपनऑफिस २.० बरोबर बेस आलं. त्याच्या फॉर्ममध्ये चित्रांसाठी एक चौकट आहे. ती बायनरी रकान्याला जोडली की फोटो सरळ डेटाबेसमध्ये जातो. दस्तऐवजासाठी अशी तयार चौकट नाही, तिथे मॅक्रोच लागतो. आणि बेसची स्वतःची फाइलदेखील झिपच असते. पोटातला डेटाबेस तिच्या आत. म्हणजे गाठोड्यात गाठोडी भरायची आणि वीज गेली की मोठ्या गाठोड्याच्या गाठीची काळजी करत बसायचं. पाचपन्नास पत्रांपलीकडे जाणाऱ्याने पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा वेगळा सर्व्हर घ्यावा आणि बेसचा उपयोग केवळ खिडकी म्हणून करावा.

एवढं झालं की कार्यालयात प्रात्यक्षिक होतं, चहा येतो, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी एक कारकून डेटाबेसमधून पत्र उघडतो, दोन ओळी दुरुस्त करतो आणि सवयीने कंट्रोल-एस दाबतो. प्रवाहातून उघडलेल्या दस्तऐवजाला पत्ताच नाही. त्यामुळे ऑफिस विनम्रपणे विचारतं, कुठे साठवू? कारकून ‘डेस्कटॉप’ निवडतो. पत्राच्या आता दोन प्रती झाल्या आणि नवी प्रत चुकीच्या जागी आहे.

यावर उपाय आहे, पण तो साध्या मॅक्रोच्या मुलखातला नाही. ऑफिसमधला प्रत्येक आदेश, मग तो मेनूतून येवो की कळीतून, ‘डॉट युनो कोलन सेव्ह’ अशा नावाने एका वाटेवरून जातो. त्या वाटेवर आपला नाकेदार उभा करता येतो. तो ‘सेव्ह’ अडवून आपल्या डेटाबेसकडे वळवतो आणि ‘सेव्ह ॲज’ची वाट बंद करतो. याहून भारदस्त मार्ग म्हणजे नवी पत्तापद्धतच बनवणं. ऑफिसच्या पोटात साठवणीच्या ठिकाणांचा एक दलाल आहे. डिस्क, वेब सर्व्हर, झिपचा अंतर्भाग, सगळ्यांशी तो वेगवेगळ्या पुरवठादारांमार्फत बोलतो. आपण तिथे डेटाबेसचा पुरवठादार बसवला की कंट्रोल-एसला पत्ता मिळतो आणि कारकुनाला काही नवं शिकावं लागत नाही. हे काम महिन्यांचं आहे. २०१३ च्या लिबरऑफिस ४.० मध्ये अल्फ्रेस्कोसारख्या दस्तऐवज-भांडारांशी सीएमआयएस या प्रमाणित भाषेत बोलण्याची सोय आली, ती याच पुरवठादारांच्या व्यवस्थेत बसवलेली. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःचा पुरवठादार लिहिण्याआधी तिकडे पाहावं.

नाकेदार बसवला तरी गळती राहतेच. वीज गेली तर काम बुडू नये म्हणून ऑफिस अधूनमधून उघड्या दस्तऐवजाची प्रत वापरणाऱ्याच्या खात्यातल्या एका फोल्डरात टाकत असतं. सोय चांगली आहे. पण गोपनीयतेसाठी ‘सगळं डेटाबेसमध्येच’ असा आग्रह धरणाऱ्या कार्यालयात या प्रती संगणकागणिक पडून राहू शकतात, आणि त्या तिथे आहेत हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

कुलपांचंही तेच. शेजारच्या टेबलावरच्याने तीच फाइल उघडली असेल तर ऑफिस ती फक्त वाचायला देतं, कारण फाइलच्या शेजारी ‘लॉक’ नावाची एक लपलेली फाइल ठेवलेली असते. डेटाबेसमध्ये शेजार नाही, म्हणून कुलूपही नाही. नोंदीत ‘सध्या कुणाकडे’ असा रकाना ठेवला तर संगणक बंद पडलेल्या, रजेवर गेलेल्या, बदली झालेल्या माणसांच्या नावावर पत्रं अडकून बसतात. त्यापेक्षा आवृत्तीचा क्रमांक ठेवावा. उघडताना सातवी आवृत्ती घेतली असेल तर साठवताना डेटाबेसला सांगायचं, अजून सातवीच असेल तरच आठवी कर. एकही नोंद बदलली नाही असं उत्तर आलं तर मधल्या काळात दुसऱ्या कुणी हात मारला हे कळतं. आणि जुनी आवृत्ती पुसायचीच नाही, नवी ओळ घालायची. एका पत्राचे २० केबी धरले तर ५०,००० आवृत्त्यांना १ जीबी पुरतो. आजच्या डिस्कच्या भावात ही कंजुषी करण्याची गोष्ट नव्हे.

इथे जाणते लोक हटकून विचारतात: एवढा जड ऐवज डेटाबेसमध्ये ठेवावाच का? डिस्कवर ठेवा आणि डेटाबेसमध्ये फक्त पत्ता लिहा. हा वाद जुना आहे आणि त्यावर मोजमाप करून लिहिलेला एक गाजलेला अहवाल आहे. २००६ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रसेल सिअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोजची फाइलव्यवस्था यांना समोरासमोर लावलं. २५६ केबीहून लहान ऐवज डेटाबेसमध्ये बरा, १ एमबीहून मोठा डिस्कवर बरा, मधल्या पट्ट्यात वाचन किती आणि बदल किती यावर ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी आणखी एक बाब दाखवली, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. नव्या कोऱ्या डेटाबेसवर घेतलेली चाचणी फसवी असते. ऐवज पुनःपुन्हा पुसून लिहिले की त्यांचे तुकडे होत जातात आणि मोठ्या ऐवजांच्या बाबतीत डेटाबेस फाइलव्यवस्थेपेक्षा लवकर म्हातारा होतो. यातले जिम ग्रे म्हणजे डेटाबेसमधल्या व्यवहारांच्या शास्त्राचे एक जनक, १९९८ चे ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ ते एकटेच आपल्या शिडाच्या होडीतून समुद्रात गेले आणि मोठा शोध घेऊनही सापडले नाहीत.

कार्यालयातली पत्रं, ठराव, नोटिसा बहुधा २५६ केबीच्या आतच असतात. त्यामुळे वेगाच्या मुद्द्यावर डेटाबेसवाल्यांचं पारडं जड आहे. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट दुसरी. पत्र एकीकडे आणि त्याचा पत्ता दुसरीकडे असला की कधी ना कधी दोघांची फारकत होते. बॅकअप एकाचा सोमवारचा असतो आणि दुसऱ्याचा शुक्रवारचा. कुणी फोल्डर हलवतं. डेटाबेसमध्ये पत्र आणि त्याची नोंद एकाच व्यवहारात जातात. जातात तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

दस्तऐवज म्हणजे डेटाबेसमधली नोंदच, अशा समजुतीवर उभं राहिलेलं एक उत्पादन फार पूर्वी येऊन गाजलंही. रे ओझी यांनी घडवलेलं लोटस नोट्स १९८९ मध्ये बाजारात आलं. त्यात मेमो, चर्चा, अर्ज, सगळं एका दस्तऐवज-डेटाबेसमध्ये राहायचं. फाइल म्हणून साठवायचा प्रश्नच नव्हता. प्राइस वॉटरहाऊसने बाजारात येण्याआधीच त्याच्या १०,००० प्रती घेतल्या होत्या. पुढे लोटस आयबीएमकडे गेलं, आणि २०१९ मध्ये नोट्स भारतीय एचसीएलच्या मालकीचं झालं. उलट विंडोजच्या फाइलव्यवस्थेलाच डेटाबेसचं रूप द्यायचा मायक्रोसॉफ्टचा विनएफएस हा प्रकल्प २००३ मध्ये वाजतगाजत जाहीर झाला आणि जून २००६ मध्ये गुंडाळला गेला. शेअरपॉइंटने मात्र कसलाही गाजावाजा न करता दस्तऐवज एसक्यूएल सर्व्हरच्या पोटात ठेवायला सुरुवात केली होती. आपलं वर्डचं पत्र ब्लॉब म्हणून राहतंय हे लक्षावधी लोकांना ठाऊकही नाही.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचे कर्ते रिचर्ड हिप यांनी हा प्रश्न चक्क उलटा केला. दस्तऐवज डेटाबेसमध्ये ठेवण्याऐवजी दस्तऐवजच छोटा डेटाबेस का असू नये? झिपमध्ये एक अक्षर बदललं तरी सगळं गाठोडं पुन्हा बांधावं लागतं. चित्रांनी भरलेलं सुमारे १० एमबीचं सादरीकरण असलं तर तेवढंच्या तेवढं डिस्कवर परत लिहिलं जातं. एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये फक्त बदललेली पानं लिहावी लागतील, प्रत्येक स्लाइड स्वतंत्र ओळ होईल, जुन्या आवृत्त्या आतच राहतील. कल्पना बिनतोड आहे आणि ती अमलात येण्याची लक्षणं नाहीत, कारण ओडीटी ज्या कुळातली आहे ते ओडीएफ २००६ पासून आयएसओचं मानक आहे आणि मानक बदलणं हे प्रोग्रॅम बदलण्याइतकं सोपं नसतं.

म्युनिक महापालिकेने तिसराच रस्ता धरला. २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय तिथल्या परिषदेने घेतला. तो बदलावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर स्वतः जाऊन महापौरांना भेटले होते. पालिकेच्या लोकांनी ओपनऑफिससाठी वोलमक्स नावाची जोडणी लिहिली. कर्मचाऱ्याचं नाव, पद, विभाग, दूरध्वनी ही माहिती ती मध्यवर्ती निर्देशिकेतून उचलून पत्राच्या साच्यात भरायची. म्हणजे साचा एकीकडे, माहिती दुसरीकडे, आणि पत्र म्हणजे दोहोंचा संयोग. २०१३ अखेर सुमारे १५,००० संगणक नव्या व्यवस्थेवर आले. २०१७ मध्ये परिषदेनेच पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. वोलमक्सचा धडा त्या राजकारणामुळे बाद होत नाही: जे साच्यातून पुन्हा बनवता येतं त्याचा कच्चा मालच जपावा. फक्त एकदा बाहेर पडलेलं पत्र त्याच रूपात ठेवावंच लागतं. साचा उद्या बदलेल, पण नोटीस कोर्टात जाते ती ज्या रूपात बजावली त्याच रूपात.

आता उरला शेवटचा आणि मराठी कार्यालयांना सर्वांत अधिक छळणारा भाग: शोध. ब्लॉबच्या रकान्यात डेटाबेसला दिसतात ते केवळ बाइट. आतलं काही बाहेर काढून शेजारच्या रकान्यांत लिहिलं नाही तर ५०,००० पत्रं असूनही नसल्यासारखी. काय लिहायचं याचा चांगला नमुना महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत आहे. प्रत्येक शासन निर्णयावर विभाग, क्रमांक, दिनांक तर असतोच, शिवाय तारखेपासून सुरू होणारा एक लांबलचक संकेतांक असतो आणि संकेतस्थळावर तो टाकला की तो एकच निर्णय समोर येतो. पत्राचं नाव ही त्याची ओळख होऊ शकत नाही. ‘पत्र नवीन अंतिम’ नावाची चार पत्रं सगळ्यांकडेच असतात.

पूर्ण मजकुरात शोधायचं तर तो गाठोड्यातल्या मजकुराच्या फाइलमधून, म्हणजे कन्टेन्टच्या एक्सएमएलमधून, सरळ उचलू नये. पत्र पुनःपुन्हा दुरुस्त केलं की लिबरऑफिस आवृत्त्यांची तुलना करता यावी म्हणून मजकुरात खुणा पेरतं आणि एखादा शब्द मधोमध तुटून दोन खुणांत विभागला जातो. पडद्यावर अखंड दिसणारा ‘महानगरपालिका’ एक्सएमएलमध्ये शोधून सापडत नाही. म्हणून साठवण्याच्या क्षणी ऑफिसलाच साध्या मजकुराची प्रत काढायला सांगावी आणि ती वेगळ्या रकान्यात घालावी. दस्तऐवज तेव्हा उघडाच असतो, त्यामुळे हे काम जवळपास फुकटात होतं.

तरीही जुन्या फायलींपाशी गाडी अडते. ज्या काळात श्रीलिपी, कृतिदेव आणि इतर फॉन्टनी मराठी टंकली जायची त्या पत्रांत मराठी फक्त डोळ्यांपुरती आहे. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उरतो, आणि डेटाबेस शोधतो तो या काल्यात. अशी पत्रं साठवण्याआधी युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि प्रत्येक फॉन्टकुळाचा तक्ता वेगळा.

युनिकोडमध्ये टंकलेलीही सगळी एका सुरात नसतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त यांनी बनवतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. कागदावर दोन्ही सारखेच छापले जातात. डेटाबेससाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं ठरीव सामान्यीकरणही इथे हात टेकतं. ते ‘ऱ’ची दोन रूपं एक करतं, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. त्यामुळे मजकुराच्या रकान्यात लिहिण्याआधी दुसरी पद्धत पहिलीत बदलणारी एक ओळ प्रोग्रॅमरने स्वतः घालायची, आणि शोधाच्या चौकटीत टंकलेल्या शब्दालाही तीच ओळ लावायची. मूळ दस्तऐवज मात्र जसा आला तसाच ब्लॉबमध्ये ठेवायचा, त्यातलं एकही अक्षर न बदलता.